सनईची नक्कल

(1979 च्या दहावीच्या तुकडीतर्फे माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. पहिल्या रांगेत आपल्या संगीताच्या बाई बसल्या आहेत आणि त्यांच्या मनगटावर अजूनही घड्याळ आहे, त्यामुळे एकविसावं मिनिट मिळेल अशी आशा मी करत नाही.

या टेबलावर राखाडी रंगाचं जे यंत्र ठेवलंय, त्याच्याबद्दल सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. नातवासाठी खेळणं आणलंस का, असंही एकानं विचारलं. तर हा सिंथेसायझर आहे. रोलँड कंपनीचा एसएच-101, जपानमध्ये 1982 साली निघालेला. आजच्या कीबोर्डवर 'फ्लूट' लिहिलेलं बटण दाबलं की बासरी येते. याच्यावर तसलं एकही बटण नाही. यात कुठल्याच वाद्याचा आवाज भरलेला नाही. एका वेळी एकच स्वर वाजतो आणि तो स्वर कसा असावा हे या स्लायडरांच्या रांगा वर-खाली सरकवून आपण ठरवायचं. ठरवलेलं लक्षातही राहत नाही त्याच्या. पट्ट्या हलल्या की आवाज गेला. म्हणून ही वही. आपल्या शाळेच्या वह्यांसारखीच दोनशे पानी आहे. प्रत्येक पानावर स्लायडरांचं चित्र आणि कुठली पट्टी कुठपर्यंत, त्याच्या खुणा. पान 14 बासरी, पान 31 तंबोरा. सनई पान 40 पासून 67 पर्यंत आहे. एका वाद्याला सत्तावीस-अठ्ठावीस पानं का लागली, तेच आज सांगायचं आहे.

मी नोकरी काय केली, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. घरच्यांनाही ते कधी नीट सांगता आलं नाही. माझं लग्न ठरताना मुलगा 'मुंबईत संगीतात असतो' एवढंच सांगितलं गेलं, मुलीकडचे म्हणाले एखादं नाट्यगीत होऊ दे, आणि पुढची फजिती आमच्या सौ. तुम्हाला सांगतील. खरं म्हणजे मी नकला केल्या. माणसांच्या नाही, वाद्यांच्या. चाळीस वर्षं त्याच्यावर घर चालवलं.

माणसांच्या नकला मी इथेच करून घेतल्या. नववीत असताना मधल्या सुट्टीत मी आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांचा आवाज काढत होतो, सगळे खिदळत होते आणि सर मागे दारात उभे. वर्ग एकदम गप्प. मला वाटलं आता डस्टर बसणार. सर म्हणाले, "आवाज जमलाय. पण मी बोलायला लागायच्या आधी घसा खाकरतो. तेवढं राहिलं." आणि निघून गेले. सर, तुम्हाला हे आठवत नसेल. मला ते पुढं रोज उपयोगी पडलं, कसं ते सांगतो.

सरांचाच एक तास. स्वरमापी मांडलेला. सरांनी तीन आवाज काढायला लावले. बाईंकडून आणलेल्या पेटीवरचा सा, आपल्या सतारमेकर गल्लीतल्या मित्रानं आणलेल्या सतारीवरचा सा आणि एका पोरीच्या गळ्यातला सा. डोळे मिटायला सांगितले. तिन्हींची उच्चनीचता तीच, मग तुम्हाला फरक कळतो कसा? पुस्तकातलं उत्तर होतं: ध्वनीचा गुण. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे बारीक उपस्वर वाजत असतात, ज्यांना तंबोऱ्यात आपण स्वयंभू स्वर म्हणतो. त्यांचं कमीजास्त प्रमाण म्हणजे वाद्याचा गुण. परीक्षेत मला यावर पूर्ण मार्क मिळाले. उत्तर अर्धंच होतं, हे मुंबईत कळलं.

मुंबईत मी आलो 1981 साली, महालक्ष्मी एक्सप्रेसनं, एका कारखान्यात स्टोअर-क्लार्क म्हणून. संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात पेटी आणि ऑर्गन वाजवायचो. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी 1983 मध्ये कुणाकडून तरी दुबईहून हे यंत्र मागवलं. सिंथेसायझर मुंबईला नवा नव्हता. केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकानं 1970 च्या दशकातच मिनीमूग सिनेसंगीतात आणला होता. पण ती मोठ्या स्टुडिओतली गोष्ट. आमच्या मालकांचा हिशेब साधा होता. बासरीवाला, व्हायोलिनवाला, सनईवाला, तिघांना प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे द्यावे लागायचे, त्यांचा प्रवास, त्यांचं जेवण. यंत्र मला देऊन ते म्हणाले, "तिघंही यात आहेत. तू फक्त बाहेर काढ."

मी पुस्तकातलं उत्तर घेऊन बसलो. या यंत्रातून दोन मुख्य आकाराच्या लहरी निघतात. एक करवतीच्या दातासारखी, तिच्यात सगळे उपस्वर असतात. दुसरी चौकोनी, तिच्यात फक्त विषम उपस्वर, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा असे. बँडमधल्या क्लॅरनेटच्या खालच्या सप्तकात विषम उपस्वरच जोरात असतात, म्हणून चौकोनी लहर लावली की क्लॅरनेटचा भास लगेच होतो. चौकोन अरुंद करत नेला की आवाज नाकातून आल्यासारखा होतो. मग पुढे फिल्टर, म्हणजे गाळणी. वरचे उपस्वर किती जाऊ द्यायचे ते ती ठरवते. मला वाटलं, झालं. प्रमाण जुळवलं की वाद्य हजर.

पहिल्या कार्यक्रमात मी बासरी वाजवली. खाली उतरल्यावर साउंडवाल्यानं विचारलं, "तो हॉर्न कसला होता?"

नंतर एका स्टुडिओत टेप तोडण्या-जोडण्याचं काम बघायला मिळालं, तिथे हा गुंता सुटला. तिथली टेप सेकंदाला 15 इंच धावायची. मी सतारीचा एक स्वर मुद्रित केला आणि ब्लेडनं त्याच्या सुरवातीची दीड इंच टेप कापून टाकली. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. उरलेला स्वर वाजवला, तर ती सतार राहिलीच नाही. पेटीसारखं काहीतरी, फक्त विरत जाणारं. मधले सगळे उपस्वर जिथल्या तिथं होते. गेला होता फक्त मिजराबीचा टणत्कार. कान वाद्य ओळखतो ते बरंचसं त्या पहिल्या दीड इंचात. सर, तो तुमचा खाकरा.

तेव्हापासून या कोपऱ्यातल्या चार पट्ट्या माझ्या झाल्या. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. स्वर किती वेळात उठतो, उठल्यावर किती वेळात खाली बसतो, बोट असेपर्यंत कुठे टिकतो आणि बोट उचलल्यावर किती वेळात जातो. ट्रम्पेट त्यामुळे सगळ्यात आधी जमला. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचा आवाज संगणकावर तपासला आणि दाखवून दिलं की फुंक जसजशी जोरात, तसतसे वरचे उपस्वर वाढतात. म्हणजे आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतो. माझ्या यंत्रात आवाजाची चढण आणि गाळणीची चढण एकाच पट्टीवर चालते. गरिबाघरची सोय, पण ट्रम्पेटला नेमकी तीच हवी होती.

बासरीला वेळ लागला. बासरीत फुंकरीचा सुस्कारा असतो, तो यंत्रातल्या खरखरीनं आणायचा. पण खरखरही त्याच गाळणीतून जाते. गाळणी मिटली की सुस्काऱ्याची घरघर होते, उघडी ठेवली की बासरीची पत्र्याची शिट्टी होते. महिनाभर मी गाळणीशी भांडत होतो. मग एक दिवस चुकून रेझोनन्सची पट्टी खूप वर गेली, म्हणजे गाळणी एका ठिकाणी घुमायला लागली आणि ते ठिकाण बोटांबरोबर सरकत होतं. लहर पूर्ण बंद होती. नुसती खरखर आत जात होती आणि बाहेर स्वर येत होता, वाऱ्यात भिजलेला. मग मला उमगलं की खरी बासरी हेच करते. ओठांतून येतो तो नुसता वाऱ्याचा गोंधळ, नळी त्यातून आपला स्वर निवडून घेते आणि तोच वाढवते. पान 14 वर मी तारीखही टाकली आहे. इतका आनंद झाला होता.

व्हायोलिन मात्र कधीच जमलं नाही, ते सांगून टाकतो. गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, त्यामुळे तार करवतीच्या दातासारखी चालते. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच ते दाखवलंय. तेव्हा करवती लहर लावली की व्हायोलिन यायला हवं. येतो भुंगा. कारण तारेच्या पुढं ती लाकडी पेटी आहे, तिची स्वतःची घुमण्याची ठिकाणं आहेत, पुष्कळ आहेत, आणि बोट थरथरलं की प्रत्येक उपस्वर त्यांच्यावरून वर-खाली होत चमकतो. माझ्याकडे गाळणी एक. एका गाळणीत ती लाकडी पेटी मावत नाही. मालकांना व्हायोलिनवाला ठेवावा लागला, आणि तो मला फार दिवस चहा पाजत होता.

तंबोऱ्यासाठी मी आपल्या गावातच आलो, सतारमेकर गल्लीतल्या मित्राकडे. तो हसला. म्हणाला, "वीज लावून जवारी काढणार?" मग त्यानं घोडीवर तार आणि तिच्याखाली धागा सरकवत दाखवलं. इतर तारवाद्यांत छेडल्याबरोबर आवाज उजळ असतो आणि मग मंदावतो. तंबोऱ्यात छेडल्यानंतर उजेड वर चढतो, एकेक उपस्वर पुढे येतो. तार घोडीच्या किंचित उताराला स्पर्शत राहते, त्यामुळं हे होतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं आहे. मित्रानं रामन वाचले नव्हते. त्याच्या आजोबांनी त्याच्या बोटांना शिकवलं होतं. मी घरी आलो, करवती लहर खर्जात लावली, गाळणी घुमती ठेवून तिला हळूहळू वर नेली, आणि एकामागून एक स्वयंभू स्वर उमलत गेले. पंचम, वरचा षड्ज, गंधार. ते त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तंबोऱ्याचा भाऊ आहे. सावत्र." ही माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली पावती आहे, हे मी आज त्याच्यासमोर सांगतो.

आता सनई.

आधी एका सिनेमाबद्दल सांगायला हवं, कारण माझी चूक तिथून सुरू होते. 1954 चा 'नागिन'. त्यातली बीन तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे, आणि वरातीत तिच्यावर रुमाल तोंडात धरून नाचलेले किमान चार जण मला इथून दिसतायत. ती पुंगी नाही. संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती बीन वाजवली क्लॅव्हिओलिनवर. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून प्रसिद्ध झालेल्या जोडीतले कल्याणजी तेव्हा वादक म्हणून काम करत, त्यांनी वाजवली, आणि जोडीला हार्मोनियमवर रवी होते. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये 1947 च्या सुमारास कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेलं, रेडिओसारख्या व्हॉल्व्हवर चालणारं छोटं वाद्य. एका वेळी एक स्वर, आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं ढकलायचा दांडा. म्हणजे माझ्या यंत्राचे काकाच. आणि ती नक्कल इतकी पक्की बसली की आपल्या आठवडी बाजारात गारुड्याला खऱ्या पुंगीवर मी तीच धून वाजवताना ऐकलंय. खरं वाद्य नकलेची नक्कल करत होतं.

मी विचार केला, पुंगीही पत्तीचं वाद्य, सनईही पत्तीचं. कल्याणजींना तेव्हाच्या सामग्रीवर जमलं, मला का जमू नये? लहर अरुंद केली, गाळणी घुमती ठेवली, पण बासरीसारखी बोटांबरोबर सरकू दिली नाही, एकाच जागी रोवली, म्हणजे स्वर कुठलाही असो, नाकातला आवाज तोच राहतो. ऐकणारे लगेच 'सनई' म्हणाले. मला मात्र ती सनईची पिपाणी वाटत होती. जत्रेतली.

आपल्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचे वडील सनई वाजवायचे. त्याचं नाव मी घेणार नाही, त्यानंच तसं सांगितलंय. काल रात्री मी त्याला विचारलं, ही गोष्ट सांगू का? म्हणाला, "सांग. पण बायकांना रडवू नकोस." त्याच्या वडिलांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. लग्नसराईत मंगल कार्यालयात पहाटेपासून बसायचे, एका बाजूला संबळ, मागे हा आपला मित्र सूर धरून. सूर म्हणजे नुसता षड्ज देणारी सनई. तिची भोकं मेणानं बंद केलेली असतात. हा आठवीत असल्यापासून सूर धरायचा आणि लग्नसराईनंतर शाळेत त्याचे गाल सुजलेले असायचे. आपण त्याला त्यावरून काय काय म्हटलं, ते आज नको.

1984 च्या दिवाळीत मी आण्णांकडं गेलो. यंत्र पिशवीत घालून. बॅटरीवर चालतं ते, त्यामुळे त्यांच्या पडवीतच लावलं. मी सगळं सांगितलं. कशासाठी शिकायचंय, तेही सांगितलं. लपवलं नाही, एवढं माझ्या बाजूनं. त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "फुंकायचं कुठनं?"

आठ दिवस त्यांनी मला शिकवलं. सनईला दोऱ्यानं जादा पत्त्या आणि एक सुई बांधलेली असते, ती दाखवली. पत्ती तोंडात भिजवायची, मगच ती बोलते. पहिला स्वर जागेवर येत नाही, खालून येतो, ओठांनी दाबून वर न्यायचा. त्यासाठी मी पोर्टामेंटो लावला. इथे एक खटका आहे, तो नेमक्या जागी ठेवला की आधीची पट्टी न सोडता दुसरी दाबली तरच स्वर घसरत जातो, सोडून दाबली तर सरळ उठतो. मींड आणि जिभेचा ठोका, दोन्ही बोटांवर आलं. भोक अर्धं उघडून स्वर कसा हलवायचा, त्याच्यासाठी हा डावीकडचा दांडा. ते वाजवायचे, मी यंत्रावर काढायचो, ते मान हलवायचे, बहुतेक वेळा आडवी. पान 40 ते 67. वहीच्या कडेला त्यांचे शब्द आहेत. एका पानावर नुसतं 'चिकट' लिहिलंय. एकावर 'लई शाना वाजतोय.' म्हणजे आवाज फार साफ येतोय. मग मी त्यात थोडी खरखर घातली, लहर किंचित अस्थिर केली, तेव्हा मान उभी हलली.

त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. मी धोतरजोडी नेली होती, ती ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी एका कॅसेटवाल्यानं माझ्याकडून 'मंगलवाद्यं' अशी एक कॅसेट करून घेतली. एका रात्रीत मुद्रण, एकाच माणसाचे पैसे. सनई मी, सूर मी, सगळं यंत्रावर, थरावर थर चढवून. कॅसेटवर वादकाचं नाव नव्हतं, म्हणजे आण्णांचं असण्याचा प्रश्न नव्हता आणि माझंही नव्हतं. ती फार खपली असं नाही. लग्नात तेव्हाही आणि आजही बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईच्या मुद्रणांनाच मान आहे आणि असायलाच हवा. पण आपल्या भागात ती पोचली, बसस्टँडसमोरच्या दुकानात मिळायची, तेव्हाची दहा-पंधरा रुपयांची वस्तू.

1986 च्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न इथेच, गावात. मी पहाटे कार्यालयात पोचलो तर कर्ण्यावर माझीच कॅसेट. क्षणभर, खोटं कशाला बोलू, छाती फुगली. मग पाहिलं, वाजंत्र्यांची ती कट्ट्यावरची जागा, तिथं खुर्च्या रचून ठेवलेल्या. आणि दहाच्या सुमारास आण्णा आले. पाहुणे म्हणून. टोपी, इस्त्रीचा सदरा. माझ्या मामांशी त्यांचा घरोबा होता. अक्षता झाल्या, पंगत बसली, मी त्यांना चुकवत होतो. त्यांनीच हाक मारली. शेजारी बसवून घेतलं. कर्णा चालूच होता.

मला वाटलं, आता विचारतील. मी काय म्हणायचं याची जुळवाजुळव करत होतो. मालकाचं काम होतं, मी नाही तर दुसऱ्यानं केलं असतं, वगैरे. हे सगळं खरंही होतं.

ते ऐकत बसले, एक बाजू संपेपर्यंत. जिलबी पानात तशीच. मग म्हणाले, "सूर चांगला लावलायस. मींड बी बरी. पर तू श्वास कुठं घेतोस?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अर्धा तास ऐकतोय, मानूस एकदाबी थांबला न्हाई. आमी गालात हवा धरतो, नाकानं घेतो, तरीबी श्वास कळतो की रं. तान घ्यायच्या आधी कळतो. दमल्यावर कळतो. ह्यो दमतच न्हाई. ऐकनाऱ्याला घाबरल्यागत होतंय."

एवढंच. बाकी काही म्हणाले नाहीत. मुलाच्या नोकरीचं विचारलं, मुंबईत घरभाडं किती ते विचारलं.

मला तिथेच कळलं की माझी चूक नागिनपासूनची होती. गारुडी गाल फुगवून फुंक तुटू देत नाही, त्याचा आवाज कमी-जास्तही फारसा होत नाही, म्हणून न थकणाऱ्या यंत्राला पुंगी जमते. सनई पत्तीची असली तरी ती माणसाच्या छातीवर चालते. त्या रात्री मी मामांच्या गच्चीवर वही काढली. पान 67. तिथे मी स्लायडर काढले नाहीत. आण्णा मारव्यात जी एक चीज वाजवायचे, ती आठवून लिहिली आणि ते जिथे श्वास घ्यायचे तिथे टिंबं दिली. पुढं मी जेव्हा जेव्हा सनई वाजवली, किंवा बासरी, किंवा ट्रम्पेट, तेव्हा वाजवताना स्वतः श्वास रोखून धरायचो आणि जिथे मला घ्यावा लागेल तिथे बोट उचलायचो. स्टुडिओतले हसायचे. पण काम मिळत गेलं.

आण्णांचं काम कमी होत गेलं. माझ्या एका कॅसेटनं नाही, हे मलाही समजतं. बँजो पार्ट्या आल्या, डीजे आले. पण त्या एका कार्यालयात, त्या एका सराईत, खुर्च्या रचल्या होत्या त्या माझ्यामुळे. आपला मित्र एस.टी.त लागला, कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, आणि त्यानं सनई हातात घेतली नाही. आण्णा 1991 मध्ये गेले. मी येऊ शकलो नाही. त्या दिवशी एका जाहिरातीचं मुद्रण होतं. त्या जाहिरातीत सनईच होती.

पुढचं थोडक्यात. माझ्या यंत्राच्या पाठोपाठ, 1983 मध्ये, यामाहाचा डीएक्स-7 आला, डिजिटल. त्यानंतर तर खऱ्या वाद्याचा आवाज जसाच्या तसा भरलेले कीबोर्ड आले. एकेक स्वर कुणीतरी खरा वादक वाजवून गेलेला. मग ही पट्ट्या सरकवण्याची विद्या कुणाला नको झाली. मी बटणं दाबायला शिकलो, निवृत्त झालो. मधल्या काळात गंमत अशी झाली की चरणजित सिंग या मुंबईच्याच वादकानं 1982 मध्ये असल्याच रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली होती, ती कुणी विचारली नव्हती आणि पंचवीस-तीस वर्षांनी परदेशातली पोरं ती डोक्यावर घेऊन नाचायला लागली. त्यात त्यांनी कुठल्याच वाद्याची नक्कल केली नव्हती. यंत्र यंत्रासारखंच वाजवलं होतं. मला ते कधी सुचलं नाही. मला ते जमलंही नसतं, माझा सगळा कान दुसऱ्याच्या दारात बसलेला होता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. संपवतो.

हे यंत्र मी सकाळी नऊपासून चालू करून ठेवलंय, कारण तापेपर्यंत याचा सूर सरकतो. पान 67 वर जे लिहिलंय ते वाजवणार आहे. आपला मित्र येताना घरून आण्णांचा सूर घेऊन आलाय. पत्ती जुनी आहे, काल रात्रीपासून दोनदा भिजवून पाहिली, बोलते. डॉक्टरांनी त्याला फुंकायची परवानगी दिली आहे, असं तो म्हणतो.

ये रे वर. बस इथे. मेणाच्या भोकांना हात लावू नकोस, जशी आण्णांनी बंद केलीत तशीच राहू देत. यंत्राला जुळवायची कळ आहे, तुझ्या सनईला नाही, तेव्हा मीच तुझ्याकडे येतो. धर षड्ज.

काळी दोन? नाही, जरा खाली आहे. थांब. अजून थोडं धर. हं.